न दिसणाऱ्या दप्तराचे ओझे

मराठीत 'दप्तर' हा शब्द मोठा गमतीचा आहे. सकाळी शाळेला निघालेल्या मुलाच्या पाठीवर असते ते दप्तर, आणि कचेरीच्या कपाटात कागदांचे गठ्ठे रचून ठेवलेले असतात तेही दप्तरच. मुलाच्या पाठीवरच्या दप्तराची काळजी आता सरकारदरबारीही होऊ लागली आहे. ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड असू नये, असे २०२० च्या धोरणात सांगितले आहे. शाळेत वजनकाटा ठेवावा, असेही त्यात म्हटले आहे. झाले ते ठीकच झाले. पण गुरुजींच्या दप्तराचे काय? ते कोणत्या काट्यावर तोलायचे?

कारण गुरुजींचे दप्तर आता कपाटात नाही, ते खिशात आहे. शाळेच्या नावाचा ई-मेल, मुख्याध्यापकांचा व्हॉट्सॲपचा गट, केंद्राचा गट, तालुक्याचा गट, पोषण आहाराचा गट, निवडणुकीच्या कामाचा गट. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तीन निरोप येऊन पडलेले असतात आणि रात्री जेवणाच्या ताटावर असताना आणखी दोन येतात. ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, आम्हां महाविद्यालयातील मंडळी, सर्वांची हीच गत. हे ओझे पाठीला दिसत नाही. मनाला मात्र ते वागवावेच लागते.

आणि हा विषय केवळ पगारदार माणसांचा आहे असे समजू नका. शेतकरी बांधवांनो, आपला विम्याचा अर्ज, आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद, विहिरीच्या प्रस्तावातील त्रुटीचे पत्र, हे सारे त्याच ढिगात कोठेतरी असते. तो ढीग नीट लावलेला असेल तर आपले काम होते. नसेल तर आपला हेलपाटा वाढतो. म्हणून टेबलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोघांनीही हा विषय समजून घेतला पाहिजे.

हा ढीग वाढला कसा, ते आधी पाहू.

आपल्या जळकोट भागाचीच गोष्ट घ्या. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता आणि जळकोट उदगीर तालुक्यात. म्हणजे इथला कागद जिल्ह्याला जायचा तो बिदरला. पुढे जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, झाला; १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला; आणि १९९९ साली जळकोट हाच तालुका झाला. कागदाची वाट अशी टप्प्याटप्प्याने जवळ येत गेली. ती लांब होती तेव्हा लोकांना त्रास झाला, यात शंका नाही. पण त्या लांबीचा एक गुणही होता. पत्र लिहायचे तर माणूस आधी विचार करी. कागद घ्यावा लागे, शाई लागे, हस्ताक्षर बरे नसेल तर लिहिणारा शोधावा लागे. १८७९ साली आपल्या देशात पोस्टकार्ड निघाले ते पाव आण्याला. स्वस्त खरे, पण फुकट नव्हे. आणि कार्डावर जागा हातभर नसे, म्हणून मजकूरही बेताचा असे.

कचेरीत टंकलेखनयंत्र आले, तरी मर्यादा होतीच. पत्राच्या जास्त प्रती हव्या असतील तर मध्ये कार्बनचा कागद घालावा लागे. पाचवी-सहावी प्रत अशी पुसट निघे की वाचणाऱ्याने देवाचे नाव घ्यावे. त्यामुळे 'प्रत माहितीस्तव' कोणाकोणाला पाठवायची, याचा कारकून नीट हिशेब करी. आज ई-मेलमध्ये 'सी. सी.' नावाची जी चौकट दिसते, ती त्याच कार्बन कॉपीची आठवण आहे. कार्बन गेला आणि चौकट राहिली. पण कार्बनबरोबर संख्येचा आळा होता, तोही गेला. आता पाच माणसांना प्रत धाडणे आणि पाचशे माणसांना धाडणे, यांत बोटाच्या श्रमाचाही फरक नाही.

ई-मेलचा जन्म १९७१ चा. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत निरोप धाडला, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ते गोल शेपटीचे चिन्ह ठेवले. त्या पहिल्या निरोपात काय लिहिले होते, हे पुढे स्वतः टॉमलिन्सनलाही आठवेना. लक्षात ठेवण्याजोगे त्यात काही नव्हतेच, असे तो सांगे. आज आपल्याला येणाऱ्या कित्येक निरोपांचे कुळ तेथूनच सुरू झाले असावे! आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९६ साली सबीर भाटिया या भारतीय तरुणाने जॅक स्मिथ या सोबत्यासह 'हॉटमेल' काढले आणि कोणत्याही यंत्रावरून उघडता येईल अशी टपालपेटी लोकांना फुकट दिली. त्या दिवसापासून पत्र पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला.

आता यातले मर्म लक्षात घ्या. पूर्वी पत्राचा भार लिहिणाऱ्यावर होता. कागद त्याचा, शाई त्याची, टपालहशील त्याचे आणि वेळही त्याचा. आता तो भार उचलून वाचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला गेला आहे. लिहिणारा एका क्षणात मोकळा होतो. वाचणाऱ्या शंभरांना मात्र ते उघडावे लागते, वाचावे लागते, आपल्या कामाचे आहे की नाही ते ठरवावे लागते. एकाची दोन मिनिटे वाचली आणि शंभरांची प्रत्येकी दोन गेली, तर हिशेब काय झाला? २०० मिनिटे, म्हणजे सव्वातीन तासांहून अधिक! हा खर्च कोणत्याही कीर्दीत लिहिला जात नाही, म्हणून तो झाला असे कोणाला वाटत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ई-मेलच्या बाबतीत ही म्हण फार नेमकी लागू पडते. निरोपांची संख्या हे झाले घोड्याचे ओझे. पण त्याहून वाईट आहेत ते शिंगराचे हेलपाटे. मन एका कामात रमलेले असते. खिशात यंत्र थरथरते. आपण बाहेर काढून पाहतो. तिथे काही विशेष नसते. आपण परत कामाकडे येतो. पण परत आल्यावर मन पूर्वीच्या जागी लगेच बसत नाही. कुठपर्यंत आलो होतो, हे त्याला शोधावे लागते. दिवसातून चाळीस वेळा असे झाले तर पाठीवर काहीही न घेता शिंगरू थकते.

आता हे वर्गात नेऊन पाहा. आपल्या तालुक्यात वाडीवर, तांड्यावर दोन शिक्षकांच्या शाळा आहेत. पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि गुरुजी दोन. सकाळी ११ वाजता एक गुरुजी तिसरी-चौथीला भागाकार शिकवत आहेत. हातचा कसा घ्यायचा, भागाकारात शून्य कुठे लिहायचे, हे मुलांच्या डोळ्यांत आता कुठे उमटू लागले आहे. तेवढ्यात निरोप येतो, 'सोबतच्या तक्त्यात माहिती भरून आजच्या आज पाठवावी.' गुरुजी मुलांना उदाहरणे घालून देतात आणि शाळेच्या मागे जिथे रेंज मिळते तिथे जाऊन उभे राहतात. तक्ता उघडत नाही. उघडला तर त्यात गेल्या महिन्यात पाठवलेलीच पटसंख्या निराळ्या रकान्यांत मागितलेली असते. पाऊण तास गेला. शाळेत दोनच गुरुजी, म्हणजे त्या पाऊण तासापुरती अर्धी शाळा बंद राहिली! या बंदची नोंद कोणी करत नाही. पण ज्या मुलाचा भागाकार त्या दिवशी राहिला, त्याच्या पाटीवर ती नोंद राहते. सहावीत गेल्यावर ते मूल अपूर्णांकाशी अडते आणि आपण म्हणतो, पोराचे डोकेच गणितात चालत नाही.

श्रोतेहो, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा जो कायदा आहे, त्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामास लावू नये, असे म्हटले आहे. कायद्याने शिक्षकाचे शरीर वर्गात ठेवले. पण त्याचे लक्ष वर्गात ठेवण्याची व्यवस्था अजून व्हायची आहे.

ही व्यवस्था आपल्या हाती थोडीफार आहे का? आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. १२४ माणसांना त्यांनी सांगितले की, एक आठवडा दिवसातून फक्त तीन वेळा ई-मेल पाहा आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा पाहा. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात त्याच माणसांच्या मनावरचा ताण कमी आढळला. काम तेच, माणसे तीच. फक्त हेलपाटे कमी झाले.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. खळ्यावर रास पडली की तो एकेक दाणा येईल तसा निवडत बसत नाही. वारा सुटण्याची वेळ तो जाणतो. त्या वेळी सूप घेऊन उभा राहतो आणि एका दमात उफणून घेतो. दाणा पायाशी पडतो, भूस उडून जाते. टपालालाही अशी उफणणीची वेळ ठरवून द्यावी. शाळा भरण्याआधी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, शाळा सुटल्यावर एकदा. मधल्या वेळात यंत्राची घंटी आणि थरथर दोन्ही बंद. खरोखर आग लागली, एखादे मूल पडले, तर माणूस फोन करतो. कोणी ई-मेल करत बसत नाही.

पण वेळ ठरवली तरी त्या वेळेत काय करायचे? नुसते उघडून पाहिले आणि 'नंतर बघू' म्हणून मिटले, तर तोच कागद आपण चार वेळा वाचणार. इथे दूरदेशी जाण्याची गरज नाही. कागदांच्या ढिगाशी झुंजण्याची विद्या आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद चौकोनी फडक्यांत बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल तिथे आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. एवढ्या अफाट ढिगातून ते काम होऊ शकले, याचे एक कारण असे की कागद कोठेतरी बांधून, एकत्र लावून ठेवलेले होते. कागद जपणे म्हणजे नुसते साठवणे नव्हे. पुन्हा हाती लागेल असा ठेवणे.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण तर प्रत्येक कारकुनाच्या तोंडी आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीची मांडणी आणि कागदांची लावणी पार बदलून टाकली. ती पद्धत 'लखीना पॅटर्न' या नावाने राज्यभर गेली. तिच्यातली मुख्य गोष्ट म्हणजे सहा गठ्ठे. कारकुनाच्या टेबलावर कागदांचा एकच ढीग असायचा नाही. प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. ही पद्धत कागदासाठी निघाली; पण ई-मेलला ती जशीच्या तशी लागू पडते. बहुतेक टपालसेवांत असे कप्पे करण्याची सोय असते. कोणी त्याला फोल्डर म्हणते, कोणी लेबल. आपण त्यांना गठ्ठेच म्हणू.

पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा. ज्यावर मला काहीतरी करायचे आहे, ते इथे. दोन मिनिटांत होण्यासारखे असेल तर गठ्ठ्यात टाकायचेच नाही, तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळे व्हायचे. उरलेल्यांवर करायची तारीख लिहायची. हा गठ्ठा जितका लहान, तितकी रात्रीची झोप गाढ.

दुसरा गठ्ठा प्रतीक्षाधीन. म्हणजे मी माझे काम केले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. शाळेच्या छताच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला, पंचायत समितीचे उत्तर यायचे आहे. असे कागद पहिल्या गठ्ठ्यात राहिले तर उगीच डोळ्यांना टोचतात आणि पार विसरले गेले तर छत गळत राहते. आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी, हा गठ्ठा उघडावा आणि ज्याला वेळ झाला असेल त्याला नम्र स्मरणपत्र द्यावे.

तिसरा गठ्ठा नियतकालिकांचा. इथे नियतकालिक म्हणजे मासिक वा साप्ताहिक नव्हे. ठराविक मुदतीने पाठवायचे तक्ते. पटसंख्या, हजेरी, पोषण आहार, यू-डायस, महाविद्यालयाचे वार्षिक अहवाल. हे अचानक येत नाहीत. दरवर्षी, दरमहा येतात. पाहुणा कोणत्या दिवशी येणार हे ठाऊक असताना चूल त्या क्षणी पेटवणे हे शहाणपण नव्हे. शाळेची मूळ माहिती, म्हणजे वर्गवार, मुलगे-मुली, प्रवर्ग, आधार, बँक खाते, एका तक्त्यात भरून ठेवावी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस ताजी करावी. मग 'आजच्या आज' आले तरी पाऊण तासाचे काम पाच मिनिटांवर येते.

चौथा गठ्ठा स्थायी आदेशांचा. शासन निर्णय, परिपत्रके, नियम. यांना उत्तर द्यायचे नसते. पण लागतील तेव्हा सापडले पाहिजेत. ते व्हॉट्सॲपच्या गटात ठेवून चालत नाही. गट म्हणजे ओढ्याचे पाणी. काल आलेले पत्र आज सुप्रभाताच्या फुलांखाली वाहून जाते. आदेश आला की तो उतरवून घ्यावा, त्याला विषय आणि दिनांक असे नाव द्यावे आणि गठ्ठ्यात टाकावा.

पाचवा गठ्ठा अभिलेखात पाठवायच्या प्रकरणांचा. काम संपले, उत्तर गेले, आता नोंद म्हणून जपायचे. सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. कचेऱ्यांत कागदांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' वर्ग ३० वर्षे, 'क' वर्ग त्याहून थोड्या मुदतीचा, आणि 'ड' वर्ग वर्षभराने फेकून द्यायचा. यातले शहाणपण असे की फेकणे हेही कामच आहे आणि तेही नियमाने करायचे आहे. सभेची वेळ बदलल्याचा निरोप सभा संपल्यावर कशाला ठेवायचा? दुकानांच्या जाहिराती, अभिनंदनांचे शंभर अंगठे, यांची जागा सहाव्या गठ्ठ्यात. जीमेलसारख्या सेवेत फुकट मिळणारी जागा १५ जीबी असते. ती भरली की नवे टपाल येणे बंद होते. भूस न उडवल्यामुळे दाण्याला जागा उरली नाही, असे होऊ देऊ नये.

असे सहा गठ्ठे झाले, की आलेल्या टपालाची मूळ पेटी रिकामी ठेवता येते. दारातली पेटी ही येण्याची वाट आहे. राहण्याची जागा नव्हे.

आता दुसरी बाजू. वाचणाऱ्याने कितीही नीट लावले आणि पाठवणाऱ्याने नळ उघडाच ठेवला, तर घागर किती वेळा उपसायची? म्हणून वरिष्ठांना, केंद्रप्रमुखांना, प्राचार्यांना आणि आपल्याला स्वतःलाही, कारण आपण सर्वच कोणाला ना कोणाला पाठवत असतो, चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, विषय. सरकारी पत्राला वर 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिण्याची आपली रीत उत्तम आहे. ई-मेलमध्ये ती अनेकदा गळते. 'महत्त्वाचे' हा विषय नव्हे. 'इयत्ता ५ वी शिष्यवृत्ती अर्ज, अंतिम दिनांक अमुक' हा विषय. एवढे वाचूनच गुरुजींना गठ्ठा ठरवता येतो. गरीब घरच्या मुलीची शिष्यवृत्ती शंभर 'महत्त्वाचे' निरोपांखाली दबून जाऊ नये, यासाठी एक नीट लिहिलेली ओळ पुरते.

दुसरी, कोणाला. जुन्या पत्रात खाली दोन प्रकारच्या प्रती असत. 'आवश्यक कार्यवाहीसाठी' आणि 'माहितीस्तव'. हा भेद सोन्यासारखा आहे. ज्याने काम करायचे त्याचे नाव पहिल्या चौकटीत, ज्याने नुसते जाणायचे त्याचे 'सी. सी.'त. आणि ज्याला यातले काहीच नको, त्याचे कुठेच नाही. सर्वांना एकदम उत्तर देण्याची जी कळ असते, ती दाबण्याआधी क्षणभर थांबावे. एकट्याला द्यायचे 'होय' चारशे जणांच्या खिशात का वाजवायचे?

तिसरी, तातडी. प्रत्येक पत्रावर 'अतितातडीचे' असा शिक्का मारला की कोणतेच तातडीचे राहत नाही. आपल्या राज्यात २००५ सालचा एक कायदा आहे. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे त्यात सांगितले आहे. दिरंगाई न व्हावी म्हणून तो कायदा झाला, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही आपण वाचावा. साध्या कामाला सात दिवसांचा अवकाश कायद्यालाही मान्य आहे. मग पटसंख्येच्या तक्त्याला दोन तास का? पुष्कळदा वरच्या कचेरीला पत्र आठ दिवसांपूर्वी आलेले असते. ते तिथे सात दिवस मुरते आणि आठव्या दिवशी 'आजच्या आज' होऊन तांड्यावर पोचते. वेळ वर खर्च होतो आणि घाई खाली उतरते.

चौथी गोष्ट, मागण्याआधी शोधणे. तीच माहिती चार वेळा का मागितली जाते, याचे कारण दुष्टपणा नव्हे. आधी पाठवलेली माहिती आपल्याच दप्तरात शोधायला अर्धा तास लागतो आणि दोनशे शाळांना नव्याने मागायला अर्धे मिनिट. शोधण्यापेक्षा मागणे सोपे झाले आहे. ज्या दिवशी वरच्या टेबलावर सहा गठ्ठे नीट लागतील, त्या दिवशी खालच्या दोनशे टेबलांवरचा निम्मा भार आपोआप उतरेल.

आणि पत्र थोडक्यात लिहावे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवीत. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा तिचा हेतू. आपल्याही पत्राला अशी मर्यादा असावी. काय हवे, कोणी द्यावे, केव्हापर्यंत द्यावे, एवढे झाले की मुद्रा उमटवावी.

दोन सावधगिरीच्या सूचना देतो. माहिती तंत्रज्ञानाचा २००० सालचा जो कायदा आहे, त्याने अशा विद्युत् नोंदींना कागदाप्रमाणे मान्यता दिली आहे. तेव्हा शाळेचा ई-मेल हा शाळेच्या दप्तराचा भाग आहे, कोणा एकाच्या खिशातला नव्हे. मुख्याध्यापकांची बदली झाली की किल्ल्या, हजेरीपट, साठा नोंदवही यांच्याबरोबर ई-मेलचा संकेतशब्दही पदभाराच्या यादीत असावा आणि नव्या माणसाने तो लगेच बदलावा. दुसरे, ढिगाचा फायदा चोर घेतो. घाईघाईत वाचणारा माणूस 'आपले खाते बंद होत आहे, इथे दाबा' असे वाचून दाबून बसतो. अनोळखी दुवा उघडू नये. आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

आता शेवटचा मुद्दा. काम संपल्यावरही हे दप्तर घरी येते, त्याचे काय? फ्रान्स देशात १ जानेवारी २०१७ पासून एक कायदा लागू झाला. ५० किंवा त्याहून अधिक माणसे कामास असलेल्या संस्थांनी, कामाच्या वेळेनंतर यंत्रापासून दूर राहण्याच्या हक्काविषयी आपल्या नोकरवर्गाशी बोलणी केली पाहिजेत, असा तो आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होवो. पण केंद्राच्या शिक्षकांनी आणि केंद्रप्रमुखांनी एकत्र बसून ठरवायला कोणाची हरकत आहे? शाळेच्या वेळेत तातडी असेल तर फोन. माहिती मागायची ती ई-मेलवर आणि तीन दिवस आधी. रात्री आठनंतर गट शांत. एवढे तीन नियम एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या केल्या, तरी पुष्कळ साधेल.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान गोष्टीचा एवढा विचार कशाला? श्रोतेहो, गोष्ट लहान नाही. शिक्षकापाशी देण्यासारखे एकच धन आहे, आणि ते म्हणजे त्याचे लक्ष. ज्या मुलाच्या घरी त्याचा अभ्यास घेणारे कोणी नाही, ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि जो आजीपाशी राहून शाळेत येतो, त्या मुलाला दिवसभरात एका मोठ्या माणसाचे संपूर्ण लक्ष मिळण्याची जागा म्हणजे शाळा. ते लक्ष दर दहा मिनिटांनी खिशाकडे जात असेल, तर आपण त्या मुलाच्या वाट्याचे काढून कोणत्या तरी तक्त्याला देत आहोत. तक्ता उद्या भरला तरी चालेल. भागाकार आजच शिकवायला हवा.

तेव्हा आज संध्याकाळी अर्धा तास काढा आणि आपल्या टपालपेटीत सहा गठ्ठे बांधा. उद्या वर्गात जाताना यंत्राचा आवाज बंद करून ते टेबलाच्या खणात ठेवा. आणि कोणाला निरोप धाडण्याआधी, तो वाचणाऱ्याचा किती वेळ घेईल, एवढे मनाशी मोजा.